पाऊलवाटेचा सातबारा: मलंगगड ते माथेरान

१/ उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे ज्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वाढली, त्या रांगेवरून जाणाऱ्या पाऊलवाटेला आपल्या कायद्यात नाव नाही. तिला राष्ट्रीय पदमार्गाचा दर्जा द्यावा की देऊ नये, याचा अभ्यास करण्यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने छोटा, स्वतंत्र कायदा करावा, ही या धाग्यातील मागणी आहे. दर्जा आजच मागितलेला नाही. आधी मोजणी मागितली आहे, आणि ती शासननिर्णयाने न होता कायद्याने व्हावी असा आग्रह आहे. असा आग्रह का, हे समजण्यासाठी थोडा इतिहास आणि थोडा महसूल कायदा पाहावा लागेल.

२/ प्रथम भूगोल. बदलापूरच्या पश्चिमेपासून दक्षिणेपर्यंत क्षितिज व्यापणारी ही रांग ठाणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांची शीव आहे. उत्तरेला मलंगगड, मग तावली, नवरा-नवरीचे सुळके, म्हैसमाळ, चंदेरीचा कातळ, नेढे असलेला नाखिंद, पेब उर्फ विकटगड आणि शेवटी माथेरान. या रांगेत माथ्यावरून सरळ चालता येईल असा राजमार्ग नाही. वाटा सोंडांवरून चढतात, पदरातून आडव्या जातात, खिंडींतून पलीकडे उतरतात. त्यातल्या किती परस्परांना जोडल्या आहेत, किती तुटल्या आहेत, कोणाच्या जमिनीतून जातात, याचा एकत्रित सरकारी नकाशा अभ्यासाअंतीच सिद्ध होईल.

३/ या प्रदेशाचा इतिहास मुळात वाटांचाच आहे. कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने जुन्नरकडे चढत असे. त्या घाटातील सातवाहनकालीन शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तेथे आहेत. कल्याणच्या दात्यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत. बदलापूर म्हणजे घोडे बदलण्याचे ठिकाण, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, या गावाची स्वतःविषयीची स्मृती प्रवासाची आहे, एवढे तीवरून निश्चित दिसते.

४/ मलंगगडाची वाट तर इतिहासाने अनेकदा तुडवली आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, १७८० मध्ये, कॅप्टन अॅबिंग्टनच्या तुकडीने गडाची खालची माची घेतली. वरचा बालेकिल्ला मात्र मराठ्यांनी सोडला नाही. त्याच माचीवरील स्थानाकडे हिंदू आणि मुसलमान दोघेही पिढ्यान्पिढ्या चढत आले आहेत. त्या स्थानाच्या स्वरूपाविषयीचा वाद या धाग्याचा विषय नाही. कोणत्याही बाजूने बोलणारा मनुष्य त्याच चढणीने वर जातो, एवढेच येथे नोंदवायचे आहे.

५/ रांगेच्या दुसऱ्या टोकाची कथा पाठ्यपुस्तकांत आहे. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून वर चढला आणि माथेरानचा ‘शोध’ लागला, असे आपण शिकतो. तो ज्या डोंगरात चढला, तेथे ठाकर, धनगर आणि कातकरी आधीपासून वावरत होते. कलेक्टरच्या चढाईची तारीख दफ्तरात गेली. वाट पाडणाऱ्यांची नोंद कोणी केली नाही. पुढे १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळ-माथेरान रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांची प्रत्येक वळणे कागदावर आहेत. बाजूच्या पायवाटांविषयी असे म्हणता येणार नाही.

६/ ही केवळ विस्मृती असती तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. कायद्यानेही आपले काम चोख बजावले. भारतीय वन अधिनियम, १९२७ पाहा. राखीव वन घोषित होताना ज्याने आपला हक्क मुदतीत मांडला नाही, त्याचा हक्क संपुष्टात येतो, असे कलम ९ सांगते. कलम २५ त्याहून स्पष्ट आहे: शासनाच्या पूर्वमंजुरीने वनाधिकारी राखीव वनातील कोणतीही सार्वजनिक वा खासगी वाट बंद करू शकतो, अट एवढीच, की शासनाला सोयीची वाटेल अशी पर्यायी वाट असावी किंवा करून दिलेली असावी.

७/ म्हणजे वाट बंद करण्याची तरतूद शतकभर जुनी आहे. वाट शोधून, मोजून, जपण्याची तरतूद कोठे आहे? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील वनविषयक तक्रारी एकोणिसाव्या शतकात इतक्या वाढल्या, की मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला; त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. आज आपण ज्याला ‘पर्यटनाचा प्रश्न’ म्हणतो, तो या जिल्ह्यात मूळचा वहिवाटीचा प्रश्न आहे.

८/ आता महसूल कायदा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०: सर्व सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा शासनाच्या मालकीच्या. कलम १६५: जिल्हाधिकाऱ्याने प्रत्येक गावाचा वाजिब-उल-अर्ज तयार करावा आणि त्यात इतर गोष्टींबरोबर वहिवाटीच्या रस्त्याचा रूढ हक्क नोंदवावा. जुन्या गावनकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात आणि महसुली रिवाजाप्रमाणे त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. सव्वाआठ फूट! डोंगरातल्या माणसाला याहून अधिक काही नको आहे.

९/ अडचण अशी की ही सव्वाआठ फुटांची मालकी सिद्ध होते ती नकाशावरच्या रेषेने. रेषा नसेल, तर वाट शासनाची आहे हे सांगायलाही पुरावा उरत नाही. पायथ्याशी जमीन बिनशेती होते, तारेचे कुंपण पडते, फाटक येते, फाटकावर रखवालदार बसतो. ज्या वाडीची वाट अडली, तिने मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे जावे, असे कायदा सांगतो. जिचा रोजगार त्या वाटेनेच चालतो, त्या बाईने रोजगार बुडवून तारखा करायच्या, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

१०/ आपल्या वारसा कायद्यांना बिंदू कळतो आणि क्षेत्र कळते. रेषा कळत नाही. अंबरनाथचे शिवमंदिर हा बिंदू. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारकालीन मंदिर केंद्रीय संरक्षणाखाली आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र असते. मंदिराला लागून वाहणारी वालधुनी मात्र डोंगरातून येते आणि अंबरनाथ-उल्हासनगरच्या सांडपाण्याने काळी होऊन कल्याणकडे जाते. दगड संरक्षित राहिला, आणि त्या स्थळाला अर्थ देणारा प्रवाह गटार झाला.

११/ माथेरान हे क्षेत्र. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान आणि परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरला. ते मोलाचे काम होते. त्या अधिसूचनेमुळे बांधकामाला, उद्योगाला, खाणीला लगाम बसतो. परंतु अमुक खिंडीतून तमुक वाडीला जाणारी वाट कायम राहील अशी हमी तिच्यातून मिळत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा ठरली, २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ दुर्ग ठरले. त्या दुर्गांचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाला आहे. पण त्या यादीतही किल्ले आले. किल्ल्यांना जोडणाऱ्या वाटा आल्या नाहीत.

१२/ रेषेसाठी कायदाच नाही असेही नाही. वाहनाच्या रेषेसाठी आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाची जेएनपीटीकडे जाणारी शाखा बदलापूरजवळ याच रांगेच्या पोटातून, सुमारे ४ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांनी पनवेलच्या बाजूला निघते. त्या मार्गाची प्रत्येक मीटरची आखणी, भूसंपादन, मोबदला, परवानगी सारे दफ्तरबद्ध आहे. डोंगराखालून जाणाऱ्या मोटारीची वाट राष्ट्राला ठाऊक आहे. डोंगरावरून जाणाऱ्या माणसाची वाट तलाठ्यालाही ठाऊक नसावी, हे कोणत्या न्यायात बसते?

१३/ पायी चालण्याला महाराष्ट्रात प्रतिष्ठा नाही, असे तर कोणी म्हणूच शकणार नाही. आळंदी-देहूहून पंढरपूरची वारी ही जगातल्या मोठ्या पदयात्रांपैकी एक. त्या मार्गांना राष्ट्रीय दर्जा मिळाला. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखी महामार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली आणि वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पदपथ आखला गेला. तो हवाच होता. परंतु हा दर्जा कोणत्या कायद्याखाली मिळाला? राष्ट्रीय महामार्गांच्या. पायी चालणाऱ्यांची सर्वांत पूज्य वाटसुद्धा मोटाररस्ता झाल्यावरच राज्ययंत्रणेला ओळखता आली.

१४/ ज्यांना हा शब्दच्छल वाटतो, त्यांनी १९ जुलै २०२३ ची रात्र आठवावी. याच माथेरान रांगेच्या दक्षिण टोकाला, इर्शाळगडाच्या कुशीतील ठाकरांच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि काही दिवसांनी शोध थांबवावा लागला. यंत्रे वर पोहोचू शकली नाहीत. पावसात, चिखलात, अंधारात जे गेले ते पाऊलवाटेने गेले. स्थानिक लोक आणि गिर्यारोहक त्या वाटेचे वाटाडे झाले. चढताना एका अग्निशमन अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला.

१५/ त्या रात्री सव्वाआठ फुटांच्या वाटेवर संपूर्ण शासन अवलंबून होते. अशा वाटेची स्थिती काय, घसारा कोठे, पर्यायी उतार कोणता, पाणी कोठे, भ्रमणध्वनीची रेंज कोठे, स्ट्रेचर कोठून खाली येईल, हे आधीच लिहिलेले असणे ही चैन आहे काय? पदमार्गाचा अभ्यास म्हणजे हौशी लोकांसाठी रंगीत फलक असा ज्यांचा समज आहे, त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

१६/ सध्या शासनाचे डोंगराशी नाते वर्षातून एकदा जागे होते. पाऊस सुरू झाला, धबधबे फुटले, कोणी बुडाले, की जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. कोंडेश्वरला जाऊ नका, धरणावर जाऊ नका, धबधब्याखाली उतरू नका. जीव वाचवण्यासाठी काढलेल्या आदेशाला विरोध नाही. पण २०११ च्या जनगणनेनुसारच या तीन शहरांत सव्वानऊ लाखांहून अधिक माणसे होती. एवढ्या लोकवस्तीला तिच्या दारातल्या डोंगराविषयी सांगण्यासारखे शासनाकडे एकच वाक्य आहे, आणि ते ‘जाऊ नका’ हे आहे.

१७/ इतरांनी काय केले? इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउटच्या माळावर शेकडो कामगार मुद्दाम घुसले. काहींना तुरुंगवास झाला. १९३५ मध्ये टॉम स्टीफन्सनने पेनाइन डोंगरांतून सलग वाटेची कल्पना मांडली. १९४९ च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या: लांब पल्ल्याच्या पदमार्गांची तरतूद, आणि त्याहून महत्त्वाचे, प्रत्येक सार्वजनिक पायवाट दाखवणारा अधिकृत नकाशा. त्या नकाशावर आलेली वाट हा कायदेशीर पुरावा ठरला. पेनाइन मार्ग १९६५ मध्ये खुला झाला.

१८/ अमेरिकेत बेंटन मॅककाय याने १९२१ मध्ये अॅपलाचियन डोंगरवाटेची कल्पना मांडली. स्वयंसेवकांनी १९३७ पर्यंत ती पूर्ण केली. परंतु तिचे मोठे भाग जमीनमालकांच्या तोंडी परवानगीवर उभे होते. जमीन विकली, की वाट सरकायची. म्हणून १९६८ चा राष्ट्रीय पदमार्ग कायदा आला. त्याने दोन मार्गांना तत्काळ दर्जा दिला आणि आणखी १४ मार्गांची नावे लिहून सांगितले: यांचा आधी अभ्यास करा. काहींना पुढे दर्जा मिळाला, काहींना मिळाला नाही. अभ्यासाचा निष्कर्ष ‘नको’ असाही येऊ शकतो, हे त्या पद्धतीचे बळ आहे.

१९/ त्या कायद्यातील १०० मैलांच्या लांबीची अट कोणी पुढे करील. आपली रांग त्याहून कितीतरी लहान आहे, हे मान्य. पण परक्या देशाची फूटपट्टी घेऊन सह्याद्री मोजण्याची सक्ती कोणी केली? तिकडून घ्यायचा तो क्रम: नाव, मोजणी, मालकीची छाननी, खर्चाचा अंदाज, स्थानिकांचे म्हणणे, सभागृहापुढे अहवाल, आणि मग निर्णय.

२०/ पहिला आक्षेप गंभीर आहे: महाराष्ट्रात ‘अभ्यास’ म्हणजे टाळाटाळ. खरे आहे. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला. त्यावर कस्तुरीरंगन समिती बसली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. २०१४ पासून मसुदा अधिसूचना पुन्हापुन्हा निघत राहिल्या. सहावी ३१ जुलै २०२४ ची. समितीचे शहाणपण सरकारवर बंधनकारक नसले, की असे होते. म्हणूनच येथे समिती मागितलेली नाही. मुदत, तरतूद आणि उत्तरदायित्व लिहिलेला कायदा मागितला आहे.

२१/ दुसरा आक्षेप: दर्जा मिळाला की गर्दी येईल, गर्दीमागे काँक्रीटच्या पायऱ्या, दुकाने, ट्रॉली. ही भीती रास्त आहे. पण गर्दी दर्जाची वाट पाहत थांबली आहे काय? कलावंतीणच्या सुळक्यावरची रांग कोणत्या अधिसूचनेने लागली? समाजमाध्यमांवरच्या एका चित्रफितीला जे जमते, ते सरकारी राजपत्राला कधी जमले नाही. गर्दी येऊन चुकली आहे. वहनक्षमता मोजणारा, कोठे पायरी नको आणि कोठे दोर हवा हे ठरवणारा कोणी नाही. बिनअभ्यासाचा दर्जा आणि बिनदर्जाची गर्दी, दोन्हींचा शेवट सिमेंटमध्येच होतो.

२२/ तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा: शहरी गिर्यारोहकांच्या हौसेपायी आदिवासींवर नवे निर्बंध येतील. त्यासाठी क्रम उलटा ठेवावा लागेल. ही वाट आधी वाडीची, मग पाहुण्याची. वनहक्क अधिनियम, २००६ ने ग्रामसभेला जे स्थान दिले आहे ते मान्य करून, ग्रामसभेच्या लेखी संमतीवाचून एक मीटरही रेषा नकाशावर येऊ नये. वाटाड्याचे काम, निवास, जेवण यांवर पहिला हक्क त्या वाडीचा. या अटी पाळता येत नसतील, तर अहवालाने ‘दर्जा देऊ नये’ असे लिहावे.

२३/ चौथा आक्षेप: एका डोंगराच्या वाटेसाठी विधिमंडळ कायदा करते काय? उत्तर उल्हासनगरात आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. बेघर माणसांनी गाव उभे केले, ते नियमांच्या चौकटीत मावले नाही. अखेर २००६ मध्ये विधिमंडळाने केवळ या एका शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. घरे वाचवण्यासाठी एका शहरापुरता कायदा होऊ शकतो, तर त्या शहराच्या डोंगराची वाट मोजण्यासाठी का होऊ नये?

२४/ अधिकाराचा प्रश्नही अवघड नाही. रस्ते आणि दळणवळण, जमीन, राज्यस्तरीय प्राचीन स्मारके हे राज्यसूचीचे विषय. वने समवर्ती सूचीत. राष्ट्रीय दर्जा हा पुढे संसदेचा विषय होईल, आणि त्यासाठी या भागातील खासदारांनी अशासकीय विधेयक आणण्यास कोणाची आडकाठी नाही. पण मोजणी, नोंदणी आणि अभ्यास यांसाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. मुंबईतले विधान भवन बदलापूरहून लोकलने गाठता येते.

२५/ विधेयकात पाच कलमे पुरेत.
एक: मलंगगड ते माथेरान हा अभ्यासमार्ग नावानिशी घोषित करावा.
दोन: भूमी अभिलेख, वन आणि महसूल विभागांनी ग्रामसभांसह १८ महिन्यांत संयुक्त मोजणी करावी.
तीन: सिद्ध झालेली प्रत्येक वाट गावनकाशात आणि वाजिब-उल-अर्जात चढवावी, मग मार्गाला दर्जा मिळो वा न मिळो.
चार: तोवर वहिवाटीची कोणतीही वाट पर्याय दिल्यावाचून बंद करू नये.
पाच: अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा आणि पुढच्या अधिवेशनात शासनाने होय किंवा नाही असे सकारण उत्तर द्यावे.

२६/ यातील तिसरे कलम हा या मागणीचा प्राण आहे. दर्जा राजकारणावर अवलंबून राहील. सरकार बदलले की फलकावरचे नाव बदलेल. परंतु गावनकाशावर एकदा उमटलेली तुटक रेषा पुसणे कठीण असते. चंदेरीखालच्या वाडीतली मुलगी शाळेत जाते ती वाट, पनवेलच्या बाजूने बाजाराला उतरणाऱ्या बायांची वाट, आणि रविवारी लोकलने येणाऱ्या तरुणांची वाट, तिन्ही त्या एका रेषेत सुरक्षित होतात.

२७/ म्हणून तिन्ही शहरांच्या नागरिकांना विनंती. आपल्या आमदाराला गडाचा सेल्फी पाठवण्याऐवजी एक प्रश्न पाठवा: मलंगगड ते माथेरान या वाटेचा कोणता भाग कोणत्या गावाच्या नकाशावर आहे? बहुधा उत्तर येणार नाही. ते उत्तर तयार करणे हे आपले काम आहे असे सभागृहाला वाटावे, यासाठी हे विधेयक. डोंगर कोठे जाणार नाही, असे आपण गृहीत धरून चालतो. वाटेचे तसे नसते. दोन पावसाळे कोणी चालले नाही तर कारवीत ती दिसेनाशी होते, आणि कुंपण पडले तर एका दुपारीत.